सरजाबाईची वाकळ

"आधी झाकण, मग पाणी," राजश्री तिसऱ्यांदा म्हणाली.

सरजाबाईच्या अंगणातल्या खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. बापूसाहेबांनी चष्मा काढून उपरण्याच्या टोकाने पुसला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण कुठे खड्डा दिसला की त्यांच्या अंगात अजून साहेब संचारायचा.

"अगं पोरी, वर बघ जरा. आभाळात ढग औषधाला नाही. झाकण घालायचं कशावर, हवेवर?"

"हवेवर नाही काका, खड्ड्यावर. माझं लेकरू रोज दुपारी या अंगणात असतं."

"वहिनी, तुमचा वरद लई शहाणा हाय," भीमाशंकर म्हणाला. गल्लीच्या तोंडाशी उभं असलेलं चार मजली होस्टेल त्याचं. "तो कामून पडंल? पडलीच तर माझ्या होस्टेलची पोरं पडतील. मान खाली, तोंडात फिजिक्स. परवा एकजण गाईला धडकला अन् तिलाच सॉरी म्हणाला."

सगळे हसले. राजश्रीही हसली असती, पण तेवढ्यात सव्वातीन वर्षांच्या वरदने तिचा हात सोडवून खड्ड्याकडे झेप घेतली होती. तिने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. त्याला खड्ड्यातला पाईप हवा होता. जमिनीच्या खोल पोटात गेलेला बोअरचा तो लोखंडी पाईप त्याचं या महिन्यातलं सगळ्यात लाडकं खेळणं होतं. खडा टाकला की टण्ण, टण्ण, टण्ण करत तो खाली जायचा आणि आवाज बारीक होत होत कुठेतरी हरवायचा. मग वरद आईकडे बघून विचारायचा, "गेला कुटं?"

ती गल्ली लातूरच्या क्लासेसच्या भागातली. इथे प्रत्येक घराने वर एकेक मजला चढवून खोल्या काढल्या होत्या आणि खाली प्रत्येकाने बोअर मारला होता. शेजाऱ्यापेक्षा आपला खोल, एवढाच हिशेब. सगळे बोअर एकापाठोपाठ एक आटले. शहराला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात वरद पोटात होता आणि राजश्री पोट सांभाळत टँकरच्या रांगेत उभी राहिली होती. नांदेडची, गोदावरीकाठची पोरगी. माहेरी अंगणात सडा घालताना कुणी बादल्या मोजल्या नव्हत्या. त्या रांगेत तिने एक गोष्ट पक्की केली. आपलं मूल असल्या रांगेत वाढणार नाही. तिचा नवरा सर्वेश क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा, सकाळी जायचा तो रात्री जेवायलाच यायचा. "पुण्याला जाऊ," म्हणायचा. ती म्हणायची, "आधी इथे काही होतं का बघू."

म्हणून हे सगळं सुरू झालं होतं. ओला कचरा वेगळा, भांड्याचं पाणी झाडांना, आणि आता सगळ्या स्लॅबवरचं पावसाचं पाणी पाईपने गोळा करून एका बोअरमध्ये परत सोडायचं. तो बोअर सरजाबाईच्या अंगणातला. तिचं घर गल्लीच्या उताराला, सगळ्यात शेवटी. बोअरही सगळ्यांत जुना. एके काळी अख्खी गल्ली त्याच्यावर पाणी भरायची. बापूसाहेबांच्या मते तिथला खडक भेगाळलेला होता, पाणी पिणार तर तोच. बोअरभोवती खड्डा खणला, तळात खडी भरली, वर वाळू. त्यावर छातीएवढी मोकळी जागा ठेवली, पाणी साठून निवळायला. झाकण तेवढं राहिलं. वेल्डिंगवाला गणपती मंडळाच्या कमानीत अडकला होता.

"गणपती उठले की पहिलं तुमचंच, म्हणतो तो," भीमाशंकर म्हणाला. "तोवर पत्रा टाकू. वर दगड ठेवू. झालं?"

"झालं," सरजाबाई म्हणाली. ती इतका वेळ उंबऱ्यात बसून वांगी चिरत होती. "लेकराला मी बघते. तू तुझं पाणी बघ, लेकी."

सरजाबाई क्लासच्या पोरांची मेस चालवायची. पन्नाशीची, काटक, कपाळावर भलं मोठं हिरवं गोंदण. निलंग्याकडच्या एका गावची. भूकंपात गाव गेलं, घरचे गेले, आणि ती लातूरला आली, एवढंच गल्लीला ठाऊक होतं. त्याच्या पुढे कुणी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. तिच्या घराला पत्र्याचं छत होतं. भीमाशंकर दर वर्षी म्हणायचा, "मावशी, स्लॅब टाकून देतो, वर दोन खोल्या काढू." ती म्हणायची, "माझ्या डोक्यावर वजन नको बाबा."

रोज दुपारी राजश्री घरी मुलींना बायॉलॉजी शिकवायची. तेवढा वेळ वरद सरजाबाईकडे झोपायचा. जुन्या लुगड्यांची जाड वाकळ अंथरून ती त्याला त्यावर निजवायची. पण अंगावर मात्र काही घालू द्यायची नाही. थंडीतसुद्धा. दारही लोटायची नाही.

"मावशी, डास चावतात हो. पातळ चादर तरी टाका," राजश्री एकदा म्हणाली होती.

"चावू दे. उघडं लेकरू दिसत ऱ्हातं," सरजाबाई म्हणाली होती, आणि विषय तिथेच संपला होता.

बोअरसाठी तिचा होकार राजश्रीनेच मिळवला होता. बापूसाहेब दोनदा नकार घेऊन परतले होते. राजश्री गेली तेव्हा सरजाबाई पोळ्या लाटत होती.

"भुईच्या पोटात काय घालू न्हाई," ती लाटणं न थांबवता म्हणाली. "तिचा भरवसा मी कवाच सोडलाय. बोअर मारला तवा बी मी पुढच्या गल्लीत जाऊन बसले होते."

"घालायचं नाही मावशी, परत द्यायचं. इतकी वर्षं आपण सगळ्यांनी तिचं पाणी उपसलं. आता ती तहानलीय."

लाटणं थांबलं. सरजाबाईने पोळी तव्यावर टाकली, उलटली, कापडाने दाबून फुगवली.

"तहानलेल्याला न्हाई म्हणू न्हाई," ती शेवटी म्हणाली. "पाजा."

आभाळात ढग औषधाला नाही, असं बापूसाहेब म्हणाले त्याला दोन दिवस झाले होते. त्या दुपारी राजश्रीच्या खोलीत मुली हृदयाची आकृती काढत बसल्या होत्या, आणि वहीवरचा उजेड एकदम मळला. खिडकी आपटली. कोपऱ्यावरच्या गणपतीच्या मांडवाचं कापड शीड धरल्यासारखं फुगलं. पूर्ण पावसाळा कोरडा गेला होता. आता जायच्या वेळी पाऊस दार वाजवत होता. धुळीचा लोट आला आणि त्याच्या पाठोपाठ पाणी.

"पहिलं पाणी बाहेर!" बापूसाहेब गल्लीत छत्री नाचवत ओरडत होते. "स्लॅबची धूळ जाऊ द्या! मग कॉक फिरवा! भीमाशंकर, ऐकू आलं का रे?"

राजश्री जिन्यात आली. खाली जायचं की वर? सरजाबाईचं घर चार घरं सोडून. वरद झोपलेला असेल. पत्र्यावर दगड आहेत. वर गच्चीवर पाईपचा कॉक, दोन मिनिटांचं काम. तिने मुलींना "बसा गं" म्हटलं आणि ती वर धावली.

वर गेल्यावर मात्र तिचं भान हरपलं. प्रत्येक गच्चीवर कुणी ना कुणी उभं होतं. समोर लुंबिनी. सरकारी दवाखान्यात परिचारिका होती ती. रात्रपाळी करून आलेली, डोळे झोपेने लाल, ओढणी कमरेला खोचून झाडूने पानं लोटत होती. भीमाशंकरच्या गच्चीवर त्याची पोरं बनियनवर नाचत होती. धूळ धुऊन पाणी निवळ झालं तसा राजश्रीने कॉक फिरवला. समोर लुंबिनीने फिरवला. पाईप थरथरले. इतक्या दिवसांची भांडणं, पाईप कुणाच्या भिंतीवरून न्यायचा, कुणाच्या गुलाबाच्या कुंडीला लागतो, सगळं त्या पाण्यासोबत घरंगळत उताराला निघालं.

"राजश्री!" लुंबिनी ओरडली. "चाललं गं चाललं!"

"हाव!" राजश्री ओरडली. आनंद झाला की तिच्या तोंडून नांदेडच निघायचं.

आणि तेव्हा तो आवाज आला.

ढगांचा नव्हता. तो वरून आला नाही. पायाखालून आला. आधी लांब कुठेतरी अवजड ट्रक चढावर अडकावा तशी घरघर, मग घूंऽऽ असा पोकळ हुंकार, आणि मग गल्लीच्या तळातून कुणीतरी रांजण फोडल्यासारखा दणका. कुठेतरी पत्रा किंचाळला. पुन्हा घूंऽऽ.

लुंबिनीच्या हातातला झाडू खाली पडला. भूकंप झाला त्या वेळी राजश्री नांदेडला पाळण्यात होती. तिला भूकंप म्हणजे आईने सांगितलेली मांडणीवरच्या भांड्यांची गोष्ट. पण गल्लीतल्या मोठ्या माणसांच्या पायांना विचारावं लागलं नाही. दारं धडाधड उघडली. बापूसाहेब छत्री टाकून रस्त्याच्या मध्यात उभे होते आणि घरात असलेल्या बायकोला हाका मारत होते, "बाहेर ये! बाहेर ये गं! गॅस राहू दे!" भीमाशंकर जिन्याखालून ओरडत होता, "खाली या रे! पुस्तकं टाका, खाली या!" पोरं उतरत होती. भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली पोरं. त्यांना काही समजत नव्हतं, काही हसत होती, पण समोर उभ्या असलेल्या भीमाशंकरचा चेहरा बघून त्यांचं हसू मिटत होतं.

वरद.

जिना कसा उतरली ते राजश्रीला नंतर आठवलं नाही. माणसांना ढकलत, पाण्यात घसरत ती उताराने पळाली. सरजाबाईचं दार सताड उघडं. आत चुलीवर भाजी रटरटत होती. जमिनीवर जिथे वाकळ असायची तिथे कोरडी फरशी. वाकळ नाही. वरद नाही. सरजाबाई नाही.

"वरद! मावशी!"

ती मागे वळली आणि तिला अंगण दिसलं. पत्रा खड्ड्यावर नव्हता. वाऱ्याने उडून तो भिंतीला वाकडा टेकला होता. खड्डा काठोकाठ भरलेला. मातकट पाणी मध्ये भोवऱ्यासारखं फिरत होतं आणि त्या भोवऱ्यातून, त्या पाईपच्या तोंडातून, तो आवाज येत होता. घूंऽऽ. भूकंप नव्हताच. तो बोअर होता. पाणी पीत होता.

गेला कुटं?

तिने साडीसकट खड्ड्यात उडी घेतली. पाणी छातीपर्यंत आलं. डोळे उघडे ठेवून काही दिसत नव्हतं, म्हणून तिने ते मिटले आणि हातांनी बघायला लागली. वाळू. वाळू. पाईपची थंड कड. पाण्याची ओढ तिची बोटं आत खेचत होती. वाळू. मग कापड. ओलं, जड, जाड कापड. तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाही ओळखू आला नाही. तिने ते कापड दोन्ही हातांनी ओढलं, वर काढलं. गोणपाट होतं. वाळू आणलेलं रिकामं गोणपाट.

"राजश्री, हात दे! आधी वर ये!" लुंबिनी काठावर पालथी पडून हात पुढे करत होती.

"आत आहे तो. आत आहे."

"तू वर ये, मी उतरते. हात दे म्हणते ना!"

राजश्रीने हात दिला नाही. ती पुन्हा खाली वाकली. तेवढ्यात गल्लीतून एक पातळ, उंच आवाज आला. तिच्या शिकवणीतली लोहा गावची मुलगी होती, अजून राजश्रीच्या जिन्यातच उभी, खिडकीतून अर्धी बाहेर.

"मॅडम! मॅडम, मावशी ग्राउंडवर हायेत! तिकडं, ग्राउंडवर बसल्यात!"

घरांच्या मागे एक मोकळं मैदान होतं. क्लासच्या पोरांच्या सायकली तिथे लागायच्या. पावसात सगळ्या सायकली आडव्या पडल्या होत्या. मैदानाच्या ऐन मध्यावर, कुठल्याही भिंतीपासून, खांबापासून, झाडापासून लांब, सरजाबाई बसली होती. कमरेत वाकून, गुडघे दुमडून, एखादी गोष्ट पोटात घालावी तशी. पोटाशी वाकळेचं गाठोडं.

राजश्री तिच्यासमोर गुडघ्यांवर पडली. "द्या त्याला. द्या इकडे!"

सरजाबाईने गाठोडं आणखी आवळलं. तिचे डोळे राजश्रीवर होते, पण तिला ओळखत नव्हते.

"दम धर. अजून एक येतंय. दुसरं येतं ते लई वाईट असतं."

"काही येत नाही! बोअर होता तो! मावशी, सोडा त्याला, गुदमरेल तो!"

गाठोड्यातून चिडका, झोपाळू आवाज आला. "आई, गरम होतंय."

राजश्रीचे हात उचलले गेले होते. सरजाबाईला मारायला की लेकरू ओढायला, तिचं तिला माहीत नव्हतं. ते हात तिथेच हवेत राहिले. कारण सरजाबाईने तो आवाज ऐकूनही वाकळेची एक घडी बाजूला केली, आत वाकून बघितलं, पुन्हा झाकली. तिचे ओठ हलत होते. मग पुन्हा घडी उघडली. बघितलं. झाकली.

तोवर गल्ली मैदानात जमली होती. बापूसाहेब धापा टाकत पुढे आले.

"सरजाबाई, अहो काही नाही, हवा होती ती. रिकाम्या बाटलीत पाणी ओतलं की ती बोलते ना, तसा बोअर बोलला. हवेला वाट ठेवायची राहून गेली, माझी चूक…"

"काका, थांबा," लुंबिनी हळूच म्हणाली.

सरजाबाई कुणाशीच बोलत नव्हती. ती राजश्रीकडे बघून बोलत होती, पण मन त्या जुन्या रात्रीत होतं.

"तवा बी वाकळंसकट उचललं. लेक मधी निजली होती. थंडी होती म्हणून झाकली होती मीच, डोक्यावरून. अंधारात हात घातला, वाकळ गवसली, तशीच कवळून भाईर पळाले. मातीचं माळवद पडलं मागं. मी म्हणलं, पडू दे. लेक हाय माझ्यापाशी." तिने घडी उघडली, बघितलं, झाकली. "आन् उलगडली तर रिकामी…"

पाऊस ओसरत आला होता. सायकलींच्या चाकांवर थेंब वाजत होते. होस्टेलची पोरं मागे उभी होती, एकाच्या हातात अजून उघडं पुस्तक होतं आणि ते भिजत होतं.

"लेकी, तू बघ," सरजाबाई म्हणाली. तिने पहिल्यांदा हात सैल केले. "माझ्या डोळ्याचं मला खरं वाटत न्हाई. तू उलगडून बघ. हाय का?"

राजश्रीने वाकळेचं टोक धरलं. तिची बोटं अजून वाळूने भरलेली होती. तिने एक घडी काढली, दुसरी काढली. घामाने चिकटलेले केस, झोपेने सुजलेले डोळे. वरद तिच्याकडे बघून रुसला होता.

"हाय, मावशी," राजश्री म्हणाली.

"नीट बघ."

"हाय. पाय बी हायेत. हात बी हायेत. हा बघा, हाय."

"हाव?"

"हाव."

मग सरजाबाईने त्याला दिलं. राजश्रीने त्याला छातीशी घेतलं आणि सगळ्यांसमोर, चिखलात बसून, तोंड उघडं टाकून रडली. बराच वेळ वरद आईच्या ओल्या वेणीशी खेळत राहिला.

संध्याकाळी बापूसाहेब आणि भीमाशंकर अंगणात आले. भीमाशंकरने वेल्डिंगवाल्याला मंडळाच्या कमानीवरून अक्षरशः खाली उतरवून आणला होता. त्या माणसाने झाकण बसवलं. बापूसाहेबांनी हवेसाठी एक पातळ पाईप भिंतीवरून वर चढवला. जाताना भीमाशंकर दाराशी घुटमळला.

"मावशी, बोअर बंद करायचा असंल तर करू. गल्ली काय मरत न्हाई."

"पाजलं ना आता," सरजाबाई म्हणाली. "मधूनच तोंडचं काढून घेतेत काय?"

वाकळ अंगणात पडली होती. पाण्याने ती इतकी जड झाली होती की एकटीला उचलेना. राजश्री आणि लुंबिनीने तिची दोन टोकं धरली आणि पीळ घातला. लुगड्यांच्या थरांतून पाणी निघतच राहिलं, वाहत जाऊन झाकणाच्या जाळीतून खाली उतरलं. आत कुठेतरी बारीक गुडगुड झाली. पिळताना राजश्रीचे हात थांबले. सरजाबाईनेही ऐकलं. तिने नुसता पदर नीट केला.

"उद्या दुपारी मुली येणार आहेत माझ्या," राजश्री पीळ सोडत म्हणाली. "वरदला आणून सोडते नेहमीसारखा."

सरजाबाईने तिच्याकडे बघितलं. नंतर राजश्रीच्या कडेवर अंगठा चोखत असलेल्या वरदकडे.

"जेवू घालून आण," ती म्हणाली. "माझ्याकडं भाजी तिखट असते."

दोघींनी वाकळ झटकली आणि पूर्ण उलगडून दोरीवर टाकली. हिरवं, जांभळं, विटलेलं लाल, किती लुगड्यांचे तुकडे होते त्यात. सरजाबाई उठून दोरीजवळ आली. तिने वाकळेवरून एकदा हात फिरवला. मग दोरीखालून वाकून पलीकडे गेली आणि दुसऱ्या बाजूनेही बघून घेतलं.

मग ती आत गेली आणि परात ओढून पीठ मळायला बसली. पोरांचे डबे निघायची वेळ झाली होती.